प्रतिसाद: दाब शोषणारा पदार्थ

दादा, पावडर टॉय या कणांच्या संगणक-खेळासाठी तुम्ही सुचवलेला नवा पदार्थ, ‘दाब गिळणारा स्पंज’, नुसता गिळतच राहिला तर मजा संपली. त्याच्या आडोशाला बसून कुणीही बॉम्ब फोडील. खेळात आधीपासून असलेला व्हायब्रेनियम हा पदार्थही दाब साठवतो, पण भरला की फुटतो. मधलं काहीतरी पाहिजे.

आमच्या परभणीकडं जिनिंगातली रुईची गाठ बघा. प्रेसमध्ये दाबून पट्ट्या आवळतात. पट्टी तुटली की फुगते. ठिणगी आत शिरली तर वरून पाणी मारा, आत धुमसतंच. आगीचा हा भाग घेतला तर बहारच!

दाब खाल्ला की कण घट्ट व्हावा, जरा तापावा, पोट भरलं की खाणं बंद. उणे (शून्याखालचा) दाब आला की साठवलेलं सोडावं. फक्त एक, खेळात हवेचा दाब ४×४ पिक्सेलच्या चौकटीला एकच असतो. चौकटीतले सोळाही कण त्याच दाबावर एकदम तुटून पडतील, तेव्हा खाणं वाटून द्या.