स्पायरोमेट्री नॉर्मल म्हणजे दमा नाही?

'स्पायरोमेट्री (नळीत जोरात फुंकून करायची फुफ्फुसांची चाचणी) नॉर्मल आली, म्हणजे दमा नाही' असं म्हटलं जातं, ते पटत नाही. दमा कमीजास्त होतो, त्यामुळे बऱ्या दिवशी फुंकलं तर आलेख स्वच्छच येणार. त्यात सकाळी पंप मारून चाचणीला गेलं तर तिथल्या पंपाआधीच्या आणि नंतरच्या फुंकरीत फरक दिसणार कुठून? पंपातलं औषध साल्ब्युटामॉल असेल तर निदान ४ तास आणि दिवसातून दोनदा घ्यायचं फॉर्मोटेरॉल असेल तर २४ तास आधी थांबवावं लागतं, अर्थात डॉक्टरांना विचारूनच.

निकषही बदललाय. पूर्वी पंपानंतर पहिल्या सेकंदात बाहेर फुंकलेली हवा १२ टक्के आणि २०० मिली वाढली की चाचणी पॉझिटिव्ह. युरोपीय-अमेरिकी संस्थांच्या २०२१ च्या मानकात वाढ अपेक्षित आकड्याच्या (तुमचं वय, उंची, लिंग बघून काढलेल्या) १० टक्क्यांहून जास्त हवी. अपेक्षित ३ लिटर, आधी २ लिटर, नंतर २.२८ धरा: जुन्या हिशेबाने १४ टक्के, नव्याने ९.३. माणूस तोच, फुंकरही तीच! म्हणून रिपोर्टवर कोणता निकष लावलाय ते जरूर बघा.

शंका उरलीच तर पीक फ्लो मीटर (फुंकरीचा सर्वाधिक वेग मोजायचं घरगुती यंत्र) घ्या. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ, पंपाआधी, उभं राहून तीनदा फुंकायचं आणि सर्वात मोठा आकडा लिहायचा. सकाळी ३२०, संध्याकाळी ४०० असेल तर फरक ८०, सरासरी ३६०, म्हणजे २२ टक्के. अशा रोजच्या टक्क्यांची १४ दिवसांची सरासरी मोठ्यांमध्ये १० टक्क्यांवर गेली तर दम्याकडे बोट जातं. मीटर मात्र मधे बदलू नका, दोन मीटरचे आकडे जुळत नाहीत.