आभाळ भरून येतं, पाऊस शेजारच्या गावात पडतो: ढग ओळखायचे कसे?

कांदाचाळ (निफाड तालुका, नाशिक)
नमस्कार मंडळी. उन्हाळ कांदा काढून पातीखाली सुकत पडलाय. अंदाज असा: 'पुढील तीन दिवस तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस, यलो अलर्ट'. मोबाइलमधलं एक ॲप ३० टक्के म्हणतं, दुसरं ७०. ताडपत्री टाकून ठेवली तर खाली वाफ धरते, नाही टाकली तर माल भिजतो. 'तुरळक' म्हणजे नेमकं किती? आणि दोन-तीन तास आधी ढगावरून काय कळतं?

पश्चिमवारा
आधी शब्दांचा हिशोब. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' २६ ते ५०, 'अनेक ठिकाणी' ५१ ते ७५, 'बहुतांश' त्याच्या वर. 'हलका' म्हणजे २.५ ते १५.५ मिलिमीटर, 'मध्यम' १५.६ ते ६४.४, आणि हे २४ तासांचं माप, सकाळी साडेआठ ते साडेआठ. वळवाची सर हे सगळं अर्ध्या तासात ओतू शकते, म्हणून 'हलका ते मध्यम' वाचून निर्धास्त राहू नका. पिवळा रंग मिलिमीटर सांगत नाही, 'लक्ष ठेवा' एवढंच सांगतो.

ॲपच्या टक्क्यांवरून भांडण नको. वळवाचा एक ढग पाच-दहा किलोमीटर रुंद. हवामान खात्याने मे २०२५ मध्ये आणलेलं अंदाजाचं संगणकी मॉडेल नकाशाच्या ज्या चौकटी पाडतं, त्यातली एक चौकटसुद्धा ६ किलोमीटरची. दिवस पावसाळी आहे का, हे मॉडेल सांगेल; तुमचं शिवार की शेजारचं, हे नाही. ते आभाळाकडे बघूनच.

सकाळी सात ते नऊ: मधल्या उंचीवर ढगांची एक ओळ, तिची खालची कड सपाट आणि वर किल्ल्याच्या बुरुजांसारखे छोटे कोंब. हा अल्टोक्युम्युलस कॅस्टेलानस. वरची हवा अस्थिर असल्याची ही खूण. असे बुरुज दिसले की त्या दिवशी ताडपत्री बांधावर आणून ठेवावी.

अकरानंतर कापसाचे पुंजके, म्हणजे क्युम्युलस. एकच ढग धरा आणि त्याच्याकडे दहा मिनिटं बघा. उंचीपेक्षा रुंदी जास्त आणि कडा विरत असतील तर सोडून द्या. बारा वाजायच्या आतच रुंदीपेक्षा उंची वाढली, डोकं फुलकोबीच्या गड्ड्यासारखं आणि कडा सुरीने कापल्यासारख्या असतील, तर तो अजून वाढतोय. तीच कड धूसर होऊन पिंजलेल्या कापसासारखी दिसू लागली, की वर बर्फ झालाय. आता तो क्युम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी ढग. पुढे माथा ऐरणीसारखा पसरतो. कड धूसर होण्यापासून खाली सर येईपर्यंत कधी पंधरा-वीस मिनिटंच मिळतात, म्हणून ऐरणीची वाट बघत बसू नये.

रडारवाला
वरचं बरोबर, पण दोन चुका सगळेच करतात.

एक, रंग. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला असतो. पश्चिमेचा ढग आपल्याला पाठमोऱ्या उजेडात दिसतो म्हणून काळाकुट्ट. पूर्वेचा तितकाच जाड ढग पांढराशुभ्र दिसतो. आकार बघा, रंग नको.

दोन, वारा. जमिनीवरचा वारा वाढत्या ढगाकडे ओढला जातो. 'वारा तिकडे जातोय म्हणजे ढगही तिकडेच जाणार' हा हिशोब उलटा पडतो, कारण ढगाला तीन-पाच किलोमीटर उंचीवरचा वारा वाहून नेतो. ढगाच्या बाजूने अचानक गार, मातीचा वास घेऊन आलेला वारा सुटला की समजा तिकडे सर कोसळलीय आणि तुमच्याकडे फार वेळ नाही.

दिशा कळायला दहा मिनिटांच्या अंतराची दोन रडार चित्रं ताडून बघा. वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलेली असेल तर साडेपाच तास मिळवा. ५० डीबीझेडच्या (ढगातून रडारकडे परतणाऱ्या लहरींच्या जोराचं माप) वरचा डाग म्हणजे जोरदार सर, गारांचीही शक्यता. मात्र मुंबईचं रडार नाशिकपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, मध्ये सह्याद्री. तिथपर्यंत येताना सगळ्यात खालचा किरणही अडीच किलोमीटरच्या वर गेलेला असतो. त्यामुळे चित्र कोरं असूनही खाली बारीक पाऊस पडू शकतो.

कांदाचाळ
आभारी आहे. काल चंद्राला खळं होतं, घरातली जुनी माणसं म्हणतात पाऊस येणारच. आणि उपग्रहाच्या चित्रात आमच्यावर सगळं पांढरंफेक आहे.

पश्चिमवारा
दोन्हीचं कारण बहुधा एकच. खळं सिरोस्ट्रेटस या पातळ पडद्यासारख्या ढगातल्या बर्फकणांमुळे पडतं. हात लांब करून वीत ताणली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण खळ्याची त्रिज्या भरते, २२ अंश. हा ढग खूप उंच आणि गार. उपग्रहाच्या इन्फ्रारेड चित्रात (ते उष्णतेवरून बनतं) गार ते पांढरं, म्हणून पातळ पडदाही पावसासारखा दिसतो. एप्रिलमध्ये हा पडदा नुसता वरून सरकून जातो किंवा लांबच्या वादळाच्या ऐरणीचा पसारा असतो. पडदा दाट असला तर ऊन कमी लागून दुपारचे ढग उलट खुरटतात. खळ्यावर एकट्यावर माल झाकू नका.

बांधावरून
ताडपत्रीचं: दिवसभर टाकायचीच नाही. माल उंच बाजूला लांबट ढिगात ओढा, वरच्या अंगाला वीतभर चर. फुलकोबी दिसली की ताडपत्री ढिगाशेजारी, कड धूसर झाली की वर. टोकं उघडी ठेवा आणि सर गेली की लगेच काढा.

आणि वीज. चमक दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीनला एक किलोमीटर. मोजणी तीस सेकंदांच्या आत आली की ताडपत्री असेल तिथे टाकून पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या आतल्या विजा दाखवतं, लोकेशन चालू ठेवलं तरच.