शिष्यवृत्तीला पात्र मुलांकडून प्रवेशाच्या दिवशी पूर्ण फी घ्यावी का?

बार्शीकर
माझं मत सरळ आहे: घेऊ नये. पुतणीला कॅप (शासनाची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) राउंडमधून पुण्याजवळच्या एका विनाअनुदानित कॉलेजात इंजिनिअरिंगची जागा मिळाली. वर्ग ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या मर्यादेच्या बरंच आत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तरी कॉलेजच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "आधी पूर्ण भरा, शासनाचे आले की परत देऊ." भावाने वहिनींचं सोनं गहाण ठेवून पैसे भरले. ते सुटेपर्यंतचं व्याज कोण देणार? माफी कागदावर मुलीला मिळाली आणि कर्ज घराला झालं. मुलांसाठीही राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मं शिक्षण शुल्क शासन देतं, म्हणजे त्यांच्याकडून प्रवेशाच्या वेळी उरलेलं निम्मंच घ्यायला हवं. शासनाने हे कॉलेजांना वारंवार बजावलेलं आहे. मग पालकाने शासनाचा वाटा आपल्या खिशातून आगाऊ का भरायचा?

स्कॉलरशिप डेस्क
बार्शीकर साहेब, मी अशाच एका कॉलेजात शिष्यवृत्तीचं काम बघतो. तुमचा संताप समजतो, पण आमची बाजूही ऐका. विनाअनुदानित कॉलेजला पगारासाठी शासनाचा पैसा येत नाही. प्राध्यापकांपासून शिपायांपर्यंत सगळे फीवर चालतात आणि शासनाचा वाटा वर्ष उलटल्यावरही येतो.

दुसरं, जागा पक्की झाली की बरीच मुलं महाडीबीटीचा, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज विसरतात. अर्ज आधी आमच्या डेस्कवर येतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाच्या कार्यालयात. त्रुटी निघाली की शेरा मारून मुलाकडे परत जातो. उत्पन्नाचा दाखला चुकीच्या वर्षाचा, कॅपचं अलॉटमेंट लेटर जोडलेलं नाही, बारावीनंतर खंड आहे आणि गॅपचं प्रतिज्ञापत्र नाही, आधार दुसऱ्याच बँकेच्या खात्याला जोडलेलं. मुलगा महिनोन्महिने पोर्टल उघडतच नाही, मुदत संपते आणि बाकी आमच्या वहीत राहते. अशा मुलाला परीक्षेला बसू देऊ नका असं व्यवस्थापन म्हणतं, तेव्हा त्याच्यासमोर मीच असतो.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. तो सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. घरात दवाखाना निघाला की तो तिकडे जातो. मी त्या घराला दोष देत नाही, पण कॉलेजने धोका किती घ्यायचा?

नांदेडचा पोरगा
शेवटच्या मुद्द्याचं उत्तर मी देतो, कारण तो आमच्याबद्दल आहे. पैसा थेट खात्यात यायला लागला त्यामागे कारण आहे. पूर्वी तो संस्थांकडे जायचा तेव्हा बोगस विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्ती उचलल्याची प्रकरणं याच राज्यात निघाली आणि शासनाला विशेष पथक नेमून संस्थांची चौकशी करावी लागली. त्यानंतर २०१७ पासून महाडीबीटी आली. म्हणजे आधी विश्वास संस्थांनी गमावला आणि आता संशय आमच्यावर! मी डिप्लोमा आणि डिग्री दोन्ही याच पैशावर शिकतोय. माझ्या ओळखीच्या प्रत्येक मुलाने तो हप्ता कॉलेजला भरलाय, कारण त्यावर आमची मार्कशीट अडते.

आणि हो, फीपेक्षा राहणं-खाणं महाग पडतं. त्यावर कोणी बोलत नाही. आमच्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, पुण्या-मुंबईत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत. उत्पन्नाची अट अडीच लाखांची. खुल्या वर्गातल्या मुलांनी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता बघावा. हे अर्ज वेगळे असतात. फीचा अर्ज भरला म्हणजे हेही आपोआप मिळेल असं समजून पोरं बसून राहतात.

चाकणचा नोकरदार
मला या चर्चेतच अन्याय दिसतो. आम्ही दोघं खासगी नोकरीत, फॉर्म सोळावर सगळं उत्पन्न उघडं. आठ लाखांच्या थोडं वर गेलो आणि शून्य मिळालं. एक रुपया जास्त झाला की निम्मी फी बुडते. शेजारी ट्रॅक्टर, गाळे, बागायत असलेल्या घरात तहसीलदारांचा दाखला लाखाच्या आसपासचा निघतो. आधी पात्रता नीट तपासा, मग फी आगाऊ घ्यायची की नाही ते बोला.

वऱ्हाडी माय
दादा, तुमचं दुःख खरं आहे. मर्यादेजवळच्यांना टप्प्याटप्प्याने कमी सवलत मिळायला हवी, हे मलाही पटतं. पण खोट्या दाखल्यांसाठी माझ्या पोरीला खिडकीवर का उभं करता? आमच्याकडं कोरडवाहू चार एकर, कापूस आणि तूर. त्या वर्षी बोंडअळीनं अर्ध गेलं. आमचा दाखला खराच होता.

पोरीच्या प्रवेशाला आम्ही गेलो तेव्हा आमच्याकडंही पूर्ण रक्कम मागितली. मी शासन निर्णयाची छापील प्रत नेली होती. प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहिला की पात्र मुलीकडून माफीची रक्कम मागण्याचा आधार लेखी द्यावा, आणि पोच मागितली. लेखी कोणीच दिलं नाही. थोड्या वेळानं बोलावलं आणि फक्त विकास शुल्क घेतलं. हे मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवा: पूर्ण माफी म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, वसतिगृह, मेस आपल्याच खिशातून जातं. जागा कॅपमधूनच हवी, मॅनेजमेंट कोट्याला काही मिळत नाही. अभिमत आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या माफीत नाहीत. कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरतानाच हे पाहायचं. जागा घेतल्यावर कळून उपयोग नाही.

निवृत्त बँकवाला
मला वाटतं तुम्ही सगळे भांडणाची जागा चुकवताय. सोनं कशाला गहाण ठेवता? शैक्षणिक कर्ज घ्या. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी शिक्षण चालू असेपर्यंत आणि पुढे एक वर्ष व्याज केंद्र सरकार भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी कर्जयोजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे. शिष्यवृत्ती आली की कर्जात भरा. कॉलेज चालेल, मुलगीही शिकेल.

बार्शीकर
काका, माहिती चांगली दिलीत, पण विद्यालक्ष्मीची अट पूर्ण सांगा. ती तीन टक्क्यांची सवलत दुसऱ्या कुठल्याही सरकारी शिष्यवृत्तीला पात्र नसणाऱ्यांसाठी आहे. शिवाय योजना देशातल्या निवडक संस्थांपुरती आहे (२०२४ मध्ये ८६०). पुतणीचं कॉलेज त्यात नाही, आणि असतं तरी ती शिष्यवृत्तीला पात्र असल्याने बाद झाली असती. जे शासन माफ करतं त्यासाठी घराने कर्ज काढावं, हा सल्ला मला मान्य नाही. ज्याला काहीच मिळत नाही त्या चाकणच्या दादांना तो जास्त उपयोगी पडेल.

डेस्कवाल्या साहेबांना एक विचारतो. अर्ज अर्धवट राहतो ही तुमची भीती मी मानतो. मग प्रवेशाच्या दिवशी अर्ज तुमच्याच लॅबमध्ये बसवून का भरून घेत नाही? पालकांकडून हमीपत्र घ्या की अर्ज आमच्या चुकीने बाद झाला तर फी आम्ही भरू. मुलगी तेवढ्यावर सही करेल. पण शासन उशीर करतं त्याचा भार तिच्यावर का?

स्कॉलरशिप डेस्क
लॅबमध्ये अर्ज भरून घ्यायला मी तयार आहे, यंदा प्राचार्यांकडे विषय काढतो. हमीपत्राबद्दल माझं मत बदललेलं नाही. मूल तिसऱ्या वर्षी नापास होऊन निघून गेलं तर त्या कागदावर वसुली होत नाही. शासनाने प्रवेशानंतर पहिल्या तीन महिन्यांत निम्मा हप्ता कॉलेजला दिला तर आम्ही पात्र मुलाकडे एक रुपया मागणार नाही. तोपर्यंत आमच्याकडे तरी काही रक्कम घेतलीच जाईल.

वऱ्हाडी माय
"काही रक्कम" म्हणजे किती, ते प्रवेशाआधी वेबसाइटवर लिहा. खिडकीवर तोंडी सांगू नका. आणि मूळ दाखले ठेवून घेऊ नका, यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) ते २०१८ लाच बंद केलंय. आमच्या तालुक्यातल्या दोन पोरी दाखले अडकले म्हणून दुसऱ्या राउंडला जाऊ शकल्या नाहीत.

नांदेडचा पोरगा
यंदा ज्यांचे भाऊ-बहीण प्रवेश घेतायत त्यांनी आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते आजच तपासा. हप्ता अर्जात लिहिलेल्या खात्यावर नाही, आधारला जोडलेल्या खात्यावर येतो. आणि दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, पहिल्या वर्षीचा पुढे आपोआप चालत नाही.