खोताची वाडी जपायची, ती कोणासाठी?

धागाकर्ता : गिरगावातील खोताच्या वाडीत लाकडी जिने, व्हरांडे आणि कौलारू छपरे असलेली ईस्ट इंडियन (मुंबईतील मूळच्या मराठीभाषक ख्रिस्ती समाजातील) कुटुंबांची घरे एकेक करून कमी होत आहेत. मुंबईची वारसा नियमावली १९९५ची; २०१८मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारती जागतिक वारसा यादीतही गेल्या. परंतु नियमांचे सारे लक्ष दर्शनी भागावर आणि उंचीवर असते, आत कोण राहते याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. मलेशियातील जॉर्जटाउन या बंदरात भाडेनियंत्रण २०००च्या सुरुवातीस संपले, २००८मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला आणि जुन्या दुकानघरांतील कितीतरी भाडेकरूंच्या जागी हॉटेले व कॅफे आले. रहिवाशाला न धरणारे जतन मला मान्य नाही.

प्रतिसाद १ : मला आपला रोख एकांगी वाटतो. १९४७च्या कायद्याने मुंबईतील भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. ती तरतूद काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये सांगितले, तरी १९९९च्या कायद्याने वर्षाला चार टक्क्यांचीच वाढ दिली. एवढ्या भाड्यात सागवानी तुळया बदलणे, कौले शाकारणे मालकाला शक्यच नाही. दर पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळतात, माणसे दगावतात, आणि तरीही पुनर्विकासाकडे संशयानेच पाहायचे, हे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद २ : पुनर्विकासाने भाडेकरू मालक होतो, हे खरे आहे, आणि आमच्या चाळीतल्या वृद्धांना स्वतःचे न्हाणीघर मिळाले याचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र मनोऱ्यातील लिफ्ट, पंप आणि सुरक्षारक्षक यांचा मासिक खर्च निवृत्तिवेतनावर पेलत नाही. म्हणून घर विकून विरार-डोंबिवली गाठलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांना कोणी हाकलले नाही, परंतु गिरगावात राहणेही त्यांना परवडले नाही.

धागाकर्ता : मालकावरील भाराबद्दल प्रतिसाद १शी मी सहमत आहे. वारसा यादीमुळे बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकाला विकासहक्क हस्तांतराने, म्हणजे न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्यासाठी विकू देऊन, भरपाई देण्याची सोय नियमांत आहे. तो पैसा प्रथम त्याच घराच्या दुरुस्तीवर खर्च व्हावा आणि तेथील भाडेकरू कायम राहावेत, अशी अट घालावी, एवढीच माझी मागणी आहे.

प्रतिसाद १ : दुरुस्तीची अट मला मान्य आहे. भाडेकरू कायम ठेवायचे असतील, तर भाडे किती, हेही त्याच अटीत ठरले पाहिजे.