मदत हवी आहे: गुडबेरीमुळे माझा दुष्काळ बुडतोय

भुईकोट_डीएम
रविवारच्या आत उत्तर हवंय. फाशांच्या भूमिका-खेळात मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. मोहीम दुष्काळी मुलखात आहे. आपलं सोलापूरच धरा: काळी माती, आटलेला तलाव, भुईकोट किल्ला, विणकरांच्या पेठा. राजाने धान्य दडवलंय, हा मुख्य पेच. पहिल्याच बैठकीत खेळाडूंनी विचारलं, पोट भरणारी बोरं काढणारा गुडबेरीचा मंत्र असताना लोक उपाशी का मरतायत? जादू सरळ बंद करू की ठेवू, आणि ठेवली तर किती? 'तुमचं जग, तुमची मर्जी' हे उत्तर कृपया नको.

मालदांडी
कोणती सिस्टीम, म्हणजे कुठल्या खेळाचे नियम? पात्रं कितव्या लेव्हलची? ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारा, आहे का? शहराची वस्ती किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

भुईकोट_डीएम
डंजन्स अँड ड्रॅगन्सची फाइव्ह-ई, म्हणजे पाचवी आवृत्ती, अजून कोणती असणार!

मालदांडी
२०१४ च्या नियमांची की २०२४ च्या? आणि बाकीच्या प्रश्नांचं काय?

भुईकोट_डीएम
२०१४. चौघं, लेव्हल ३. ड्रुइड आहे म्हणून तर विचारतोय. वस्ती २० हजार धरा.

हातमाग
गर्प्सवर या, ती वेगळी सिस्टीम आहे. तिथं प्रदेशागणिक 'माना'ची, म्हणजे जादूच्या शक्तीची, पातळी ठरवता येते. कमी मानाच्या भागात प्रत्येक मंत्राच्या कौशल्याला उणे ५, माना नसेल तिथं मंत्र लागतच नाही. दुष्काळी पट्टा कमी मानाचा करून टाका, विषय संपला.

भुईकोट_डीएम
सिस्टीम बदलायची नाहीये हो.

मालदांडी
जादू कमी करण्याआधी ती मोजा. स्लॉट म्हणजे मंत्र म्हणायची ठरावीक संधी, विश्रांतीनंतर परत मिळते. गुडबेरीच्या एका स्लॉटमागे १० बोरं. एक बोर एका माणसाला दिवसभर पुरतं, २४ तासांत खाल्लं नाही तर वाया. लेव्हल १ च्या ड्रुइडकडे दोन स्लॉट, म्हणजे २० माणसं. हजारी एक मंत्रवाला धरला तर तुमच्या शहरात २० जण. ते सगळे ड्रुइड निघाले आणि दिवसभर बोरंच काढत बसले, तरी ४०० पोटं भरतात. १९,६०० उपाशीच. शिवाय मंत्रात पोषणाचा उल्लेख आहे, पाण्याचा नाही.

पाण्यात तर जादू अजून तोकडी पडते. क्रिएट वॉटर एका स्लॉटला १० गॅलन, म्हणजे ३८ लिटर. नियमाने माणसाला रोज १ गॅलन लागतं, कडक उन्हात २. आपल्या मे महिन्यात पाच माणसं झाली की संपलं. तेवढं पाणी उन्हाळ्यात एकटा बैल पितो. बैल गेले की पुढची पेरणी गेली.

तुमचा दुष्काळ बुडवणारा मंत्र दुसराच आहे: प्लांट ग्रोथ. मंत्रांच्या तिसऱ्या लेव्हलचा, पात्राची लेव्हल वेगळी. आठ तास लावून म्हटला की अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतलं, म्हणजे जवळपास ५०० एकरांतलं पीक वर्षभर दुप्पट. रोज एक शिवार धरलं तर एकटा ड्रुइड महिन्यात तीस शिवारं उरकतो. तुमच्याकडच्याला तो लेव्हल ५ ला मिळणार. त्याची तयारी आत्ता करा.

कडकभाकरी
दुप्पट कशाची? शून्याची दुप्पट शून्यच की बे.

हातमाग
'नेहमीच्या' उत्पन्नाच्या दुप्पट असं आहे नियमात. त्या सालच्या नाही. खेळाडू इथंच पकडणार तुम्हाला.

कडकभाकरी
पकडू देत. मंत्र उगवलेल्या झाडांवर चालतो, पोत्यातल्या बियाण्यावर नाही. ओल नसेल तर शाळू पेरणार कोण? मोहीम परतीच्या पावसाच्या तोंडावर ठेवा. ऑक्टोबर सरत आला, पाऊस नाही, लोक बियाण्याची ज्वारी दळून खायला लागलेत. राजाच्या कोठारात धान्य नाही, बियाणं दडवा. मग तुमचा ड्रुइडच त्या कोठारामागे लागेल.

आमराई
मला सोपा उपाय दिसतो. गुडबेरीला बांडगुळाची डहाळी लागते. आंबे वाळले, बांडगुळंही वाळली म्हणायचं.

मालदांडी
नाही चालत. ज्या साहित्यापुढे किंमत लिहिलेली नाही ते फोकस, म्हणजे मंत्रासाठीची काठी वगैरे, हातात असला की लागत नाही. डहाळी खर्ची पडते असा घरचा नियम करता येईल, पण तो आधी सांगा. मोहिमेच्या मध्यात काढलात तर भांडण ठरलेलं.

वीस_पैलू
फासे तपासून घ्या. पेल्यात पाणी, फासा तरंगेपर्यंत मीठ. टिचकी मारून फिरवत राहा. दर वेळी तोच आकडा वर आला तर फासा लंगडा. धातूचे असे तपासता येत नाहीत.

भुईकोट_डीएम
फाशांचं कुणी विचारलं?

हातमाग
बरं, गर्प्स नको तर विश्रांती लांबवा. डीएमच्या पुस्तकात पर्याय आहे: छोटी विश्रांती ८ तास, मोठी ७ दिवस. रोजची बोरं आठवड्याची होतात.

मालदांडी
हा पर्याय चांगला आहे, पण त्याने दोन गोष्टी मोडतात. मेज आर्मर हे मंत्राचं चिलखत आठच तास टिकतं, विझर्ड, म्हणजे पुस्तकी जादूगार, उघडा पडतो. आणि वॉरलॉक, म्हणजे एखाद्या शक्तीशी करार करून जादू मिळवणारा, त्याचे स्लॉट छोट्या विश्रांतीत परत येतात, त्याची चंगळ. अजून एक: जादूची शस्त्रं काढून टाकणार असाल तर साध्या शस्त्राने अर्धाच मार लागणारे राक्षस तसेच ठेवू नका. विझर्डला काही होत नाही, शस्त्रानेच लढणारा फायटर मात्र मरतो. राक्षसांच्या पानावरची ती ओळ खोडा.

आमराई
सगळं आटवायलाच कशाला हवं? एबेरॉन या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच एका जगात बारकी जादू सर्रास आहे, मोठी दुर्मीळ. तसं करा. राजाने शहरातले ड्रुइड 'राजसेवेत' किल्ल्यात नेलेत, बोरं फक्त शिपायांना. पेठेतल्या विणकरांनाही फॅब्रिकेटवाला, म्हणजे मंत्राने कच्च्या मालाची वस्तू करणारा, विझर्ड आणून धमकावता येईल.

हातमाग
फॅब्रिकेटने चादर निघत नाही एवढी सहज. कसबाचं काम असेल तर मंत्र म्हणणाऱ्याला त्या हत्यारांची प्रोफिशियन्सी, म्हणजे प्रावीण्य, लागते. जेकॉर्डची नक्षी काढायला तो विझर्ड आधी मागावर बसलेला हवा. विणकर उलट त्यालाच पोरगी देतील.

भुईकोट_डीएम
बियाणं आणि किल्ल्यातले ड्रुइड, दोन्ही घेतो. विश्रांती ७ दिवसांची. पण चौघांत एक वॉरलॉकही आहे, त्याचं काय करू?

मालदांडी
आत्ता सांगताय? त्याचा पेट्रन, म्हणजे करार केलेली शक्ती, कोण?

भुईकोट_डीएम
ठरवलेला नाही अजून.

कडकभाकरी
मग राजाचा आणि त्याचा एकच ठेवा.