मदत हवी आहे: बार्सिलोनात मार बेला किनाऱ्याजवळ स्केटबोर्डिंगला कट्टा

ऑक्टोबरात बार्सिलोना, मुक्काम पोब्लेनोउ भागात. बोर्ड ८.२५ इंच रुंद, चाकं ५२ मिमी, ९९ए (म्हणजे कडक). माक्बा या कलासंग्रहालयासमोरचा गुळगुळीत चौक नको. गर्दी, वर दंडाची टांगती तलवार. मार बेलाचा स्केटपार्क यादीत आहेच. गूगलचे रस्ताचित्र चाळले, पण फोटोत फरशीचे सांधे कळत नाहीत. बार्सिलोनाच्या पदपथांवरच्या फुलाच्या नक्षीच्या २० सेंमी फरशांवर कडक चाकं नुसती खडखडतात. ५६ मिमी, ७८ए (मऊ) घातली तर रायझरशिवाय (बोर्ड उंच करणाऱ्या पट्टीशिवाय) वळताना बोर्डला घासतात, आणि ग्राइंडला (कट्ट्याच्या कडेवर बोर्डच्या धातूच्या आसांवर घसरायला) तशीही कुचकामीच.

मार बेला ते फोरम या पट्ट्यात, चालत जाण्यासारखा, ३०-४० सेंमी उंच, कडेला धातूचे अडथळे न ठोकलेला आणि पुढे निदान १० मीटर सलग गुळगुळीत जमीन असलेला कट्टा कुठे आहे? सकाळी ९च्या आधी रहिवासी आवाजावरून हटकतात का?