कोल्हापुरात बिऱ्हाड थाटताना: तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात एका मित्राचा फोन आला. चाकणला आहे, कागलच्या प्लांटला बदली मागू का म्हणाला, घर स्वस्तात मिळेल का. मी तीन वर्षांपूर्वी वाकडहून इथं आलो, म्हणून मला विचारलं. पंधरा मिनिटं बोललो आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, भाड्याच्या आकड्यापलीकडं मी त्याला काही सांगितलंच नाही. म्हणून हा धागा. नोकरीसाठी, बदलीवर किंवा पुण्या-मुंबईचं भाडं झेपेना म्हणून कोल्हापुरात आलेल्यांनी लिहा, इथून गेलेल्यांनीही लिहा. कुठं राहिलात, कशात फसलात, गणित जुळलं का. 'जगात भारी' एवढंच लिहायचं असेल तर ते रिक्षांच्या मागं भरपूर लिहिलेलं आहे.

सुरुवात माझ्यापासून.

वाकड ते आर. के. नगर

वाकडला टू बीएचकेचं भाडं 27,000, मेंटेनन्स वेगळा. इथं तेवढंच घर, वर गॅलरी मोठी, 11,000. डिपॉझिट ऐकून तर मी एजंटला परत विचारलं, "एवढंच?" तो म्हणाला, "मग काय साहेब, घर विकत घ्यायलाय काय?"

जानेवारीत घर बघितलं. हवा काय, टेकडी काय, सगळं झकास. एप्रिलमध्ये नळाला हवा आली. पत्त्यात कोल्हापूर लिहितो म्हणून मी धरून चाललो होतो की पाणी महापालिकेचं. घरमालक शांतपणे म्हणाले, "आपण ग्रामपंचायतीत आहोत." 1972 साली कोल्हापूरची महापालिका झाली, त्यानंतर गाव चहूबाजूंनी वाढलं, पण हद्दवाढ हा विषय फक्त मोर्च्यांत आणि बातम्यांत वाढला. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव ही नावं घर शोधताना सारखी कानावर येतात, आणि इथली घरं स्वस्त का, याचं अर्धं उत्तर ह्या हद्दीत आहे. काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन 2023 च्या दिवाळीत शहरात आली, तेव्हा शहरातल्या ओळखीच्या पोरांनी पेढे वाटले. पेढा खाऊन मी घरी आलो आणि टँकरवाल्याला फोन लावला.

गणिताचं म्हणाल तर आधी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करत होतो. कंपनीनं दोन वर्षांनी ऑफिसात बोलावलं, मी गेलो नाही. इथली नोकरी धरली, पगार आधीच्या दोन-तृतीयांश. महिनाअखेरीला हातात राहतं ते साधारण तेवढंच. फरक हा की संध्याकाळी साडेसहाला मी घरी असतो, आणि मुलीला तिचा बाप दिवसाउजेडी कसा दिसतो ते कळलंय.

लातूर ते शाहूपुरी ते टाकाळा

मी बँकेत आहे. 2016 च्या उन्हाळ्यात आम्ही लातूरला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेलो आहोत. घरात सोळा घागरी होत्या, प्रत्येकीवर खडूनं तारीख. तीन वर्षांनी कोल्हापूरला बदली झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चला, पाण्याची ददात मिटली."

शाहूपुरीत तळमजला घेतला, कुंभार गल्लीपासून दोन-तीन मिनिटांवर. बँकेत चालत जाता येईल, भाजी जवळ, स्टेशन जवळ. भाडं शेजारच्या इमारतीपेक्षा दीड हजारानं कमी होतं. का कमी, हे विचारायला हवं होतं. एजंटनं सांगितलं नाही आणि आम्हाला प्रश्न सुचला नाही. हॉलच्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत वेगळा रंग होता, मला वाटलं फॅशन आहे.

ऑगस्ट 2019. शेजारच्या काकू रोज सकाळी पेपर उघडून आधी पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी वाचायच्या. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे मला त्यांनी शिकवलं. राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, शिवाजी पुलाशी मच्छिंद्री झाली का (म्हणजे पुराचं पाणी पुलाच्या ठरलेल्या खुणेला टेकलं का), हे लोक असं बोलतात जसं आमच्याकडं सोयाबीनचा भाव बोलतात. एक दिवस काकू म्हणाल्या, "गादी वर टाक. आत्ताच टाक." मी हसले. रात्री दीड वाजता कुंभारांची पोरं गणपतीच्या मूर्ती डोक्यावर घेऊन उंचावर पळत होती, त्या आवाजानं जाग आली. पाय खाली टाकला तो पाण्यात.

त्या वेळी पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. आणि गंमत ऐका, पिण्याचं पाणीही नाही, कारण उपसा केंद्रंच पाण्यात गेली. टाकाळ्यावर एका सहकाऱ्याकडं आम्ही आठ दिवस होतो. तिथं टँकरच्या रांगेत उभं राहून सासूबाई घागर भरत होत्या. लातूरहून आणलेली घागर, खडूची पुसट तारीख अजून बुडाशी. रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "तुमचं गाव कुठलं ओ?" त्यांनी "लातूर" म्हटल्यावर सगळी रांग हसली, मग सासूबाईही हसल्या.

एक मात्र लिहिलंच पाहिजे. आठ दिवस आम्हाला दोन्ही वेळचं जेवण एका तालमीच्या पोरांनी आणून दिलं. नाव, जात, पगार कुणी विचारलं नाही. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ काढायला तीच पोरं, फावडी घेऊन.

आता टाकाळ्यावरच दुसऱ्या मजल्यावर आहोत. भाडं तीन हजारानं जास्त आहे. 2021 ला पुन्हा पूर आला तेव्हा आमच्याकडं दोन कुटुंबं राहायला होती.

नांदेड ते पुलाची शिरोली

सीएनसी ऑपरेटर. अगोदर चाकणला होतो. तिथं एका खोलीत सहा जण, दोन शिफ्टचे लोक, म्हणजे गादी कधी थंडच होत नव्हती. इथं शिरोलीत तीन जण एका खोलीत, माणशी 1,400 पडतात. मेस 3,000 ची. पगार चाकणपेक्षा चार हजारानं कमी, पण घरी पाठवतो ते पैसे कमी झाले नाहीत.

फाउंड्रीवाल्यांना सांगतो, मोल्डिंगला लागायच्या आधी रात्रीची शिफ्ट किती येते ते विचारा. खोली पत्र्याची असेल तर दिवसा झोप होत नाही. भट्टीपुढून यायचं आणि परत भट्टीतच झोपायचं. मी पाचशे रुपये जास्त देऊन स्लॅबची खोली घेतली, तो माझा आयुष्यातला चांगला निर्णय.

भाषेची मजा झाली. पहिल्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, "काय करालायस?" मला वाटलं रागवला. नंतर कळलं, चहाला बोलवत होता.

चंदगड ते राजारामपुरी

मी नर्स आहे, हॉस्पिटल लिहीत नाही. चंदगडही कोल्हापूर जिल्ह्यातच, त्यामुळं "बाहेरची" कशी म्हणू, पण एसटीनं तीन-साडेतीन तास म्हणजे रोजचं येणं-जाणं अशक्यच. राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत, ते सोपं वाटतं, पण नवव्या गल्लीतून अकराव्या गल्लीत जाताना मी पहिला महिनाभर चुकले. एकट्या मुलीला खोली देताना मालकीणबाईंनी अटी घातल्या. रात्री साडेनवाला गेट बंद, पाहुणा नाही, मासे नाहीत. मासे नाहीत ही अट कोल्हापुरात ऐकून मी उडालेच. मटण चालेल का विचारलं तर म्हणाल्या, "रविवारी चालंल, आम्हाला पण दे."

नाइट ड्यूटीचं काय, हे आधीच लिहून घ्या. मी तोंडी बोलले होते. एकदा सकाळी पाचला ड्यूटी लवकर सुटली आणि सहापर्यंत गेटबाहेर बसले. गवळी दूध घालायला आला, त्यानं मालकांना हाक मारून उठवलं. त्यानंतर मला किल्ली मिळाली.

आणि हो, इथल्या मुली "मी आलो, मी जातो" म्हणतात. सहा महिन्यांत मीही "चल, मी जातो" म्हणायला लागले. बाबा फोनवर म्हणाले, "कोण बोलतोय?"

सोलापूर ते भाऊसिंगजी रोडच्या आसपास

वकील. 18 ऑगस्ट 2025 ला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, इथं सुरू झालं आणि आमची मुंबईला जाणाऱ्या सिद्धेश्वर एक्सप्रेसची रात्र वाचली. सोलापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर, सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथं चालतात. त्यामुळं बेंचजवळच्या सीपीआर हॉस्पिटलच्या परिसरात टेबलाएवढ्या जागेचं भाडं ऐकून अशील जसं आमची फी ऐकून गप्प होतो तसा मी गप्प झालो.

पण राहायला घर? अकरा घरं बघितली. प्रत्येक ठिकाणी चहा मिळाला, आपुलकीनं चौकशी झाली, आणि "काय करता?" ह्या प्रश्नाला उत्तर दिल्यावर मालकांच्या पुतण्याचं लग्न ठरलं, घर त्याला लागणार होतं. वकिलाला आणि पोलिसाला घर देत नाहीत हे माहीत होतं, अनुभव पहिलाच. शेवटी एका निवृत्त मास्तरांनी दिलं. त्यांची जमिनीची केस वीस वर्षं पडून आहे. मी कागद बघून देतो, ते भाडं वेळेवर मागत नाहीत.

सगळ्यांसाठी एक कामाचं: अकरा महिन्यांचा करार नोंदवून घ्या. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी आहे. "स्टॅम्पपेपरवर करू की, कशाला खर्च?" म्हणणाऱ्या मालकाला तेवढं हळूच सांगा. आवाज चढवू नका, पुतण्याचं लग्न ठरतं.

वरच्याला जोडून, गाव लिहीत नाही

वकीलसाहेबांना पेशामुळं अकरा नकार आले. मला आडनावामुळं चौदा. फोनवर सगळं ठरायचं, भाडंसुद्धा, आणि प्रत्यक्ष आधार कार्ड दाखवलं की घर "कालच गेलं". ज्या गावात शाहू महाराजांनी 1901 पासून एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली, त्या गावात. त्यातली काही बोर्डिंगं जिथं आहेत, त्या दसरा चौकातून जाताना मला दर वेळी हे आठवतं. शेवटी ऑफिसातल्या एकानं स्वतःच्या वाड्यातली खोली दिली. त्याच्या आईनं पहिल्या दिवशी भाकरी-आमटी पाठवली. ती बाई नसती तर मी महिन्याभरात परत गेलो असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एक लिहून दुसरी झाकणार नाही.

शिवाजी पेठेतला आहे, कुठं गेलोच नाही

सगळ्यांचं वाचालोय. पेठेत खोली घेणाऱ्यांना एकच सांगणं, मालक भाडं वाढवणार नाही, पाणी कमी पडू देणार नाही, पण फुटबॉलच्या सीझनला शाहू स्टेडियमवर मॅच असंल त्या दिवशी मंगळवार पेठेच्या टीमचा टी-शर्ट घालून जिना चढू नका. बाकी निवांत.

कोल्हापूर ते पुणे, उलट दिशेनं

सगळं गोड चाललंय म्हणून थोडं मीठ घालते. मी इथलीच, कळंब्याला माहेर. लग्नानंतर नवरा आणि मी दोघं आयटीत, 2022 ला हौसेनं परत आलो. स्वतःचं घर घेतलं, माझ्या नावावर, कारण बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. हप्ता पुण्याच्या भाड्यापेक्षा कमी. सगळं कागदावर सुंदर.

मग माझा प्रोजेक्ट संपला. पुण्यात असते तर पंधरा दिवसांत दुसरी नोकरी लागली असती. इथं माझ्या कामाच्या दोनच कंपन्या सापडल्या. एकीत जागा नव्हती, दुसरीत मॅनेजर माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. सात महिने घरी बसले. त्या काळात कमी हप्ताही जड वाटतो. घर स्वस्त असतं ते दोन पगारांना, एका पगाराला नाही. आता मी पुण्यात पीजीमध्ये, तो कोल्हापुरात आमच्या घरात. शनिवारी जाते, रविवारी रात्री निघते. येताना डब्यात पांढरा रस्सा गोठवून आणते. पीजीतल्या पोरी सोमवारची वाट बघतात, मी शनिवारची.

पुन्हा मी, आर. के. नगरवाला

मित्राला हे सगळं वाचायला पाठवलं. त्यानं बायकोशी बोलून कागलची बदली मागितलीय, पण बायकोची इथली मुलाखत झाल्याशिवाय चाकणची खोली सोडणार नाही. कळंब्याच्या ताईंचा तो परिणाम.

घर बघायला दिवाळीनंतर येतो म्हणाला. मी सांगितलं, जुलैत ये, आणि मालकाशी बोलायच्या आधी खालच्या किराणा दुकानदाराला दोन प्रश्न विचार: 2019 ला पाणी कुठवर आलं होतं, आणि एप्रिलमध्ये नळाला किती दिवसाआड येतं. त्याला भाड्यातलं काही मिळत नाही, तो खरं सांगतो.

आणि आमच्या समोरचा फ्लॅट पुढच्या महिन्यात रिकामा होतोय. दुसरा मजला, पुराचं पाणी इथं येत नाही, चढ आहे. नळाचं पाणी दिवसाआड पहाटे साडेपाचला, मोटर लावली तर टाकी अर्धी भरते. मालक वकील चालतील म्हणाले, मासेही चालतील. गेटची किल्ली पहिल्याच दिवशी देणार का, ते अजून विचारायचं राहिलंय.